पाणी या एकाच विषयावर सातवीचे सगळे विषय सहा आठवडे शिकवता येतील का? (खान्देशातले अनुभव हवेत)

बोरीकाठ | २० जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी पारोळा तालुक्यातल्या एका गावात सहावी ते आठवीला विज्ञान शिकवतो. यंदा सातवीत ४१ मुलं आहेत, त्यातली निम्मी तरी शेतकऱ्यांची किंवा शेतमजुरांची. आमचे मुख्याध्यापक म्हणाले, एखादा विषय धरा आणि भाषा, गणित, विज्ञान, भूगोल, नागरिकशास्त्र सगळं त्यात गुंफा, मी तासिका जुळवून देतो. एवढी मोकळीक मला नोकरीत पहिल्यांदा मिळाली आहे.

मी पाणी हा विषय धरला. आमच्या गावात दुसरा कुठला धरणार? चैत्रापासून टँकरची वाट बघणारी पोरं आहेत ही. पण कागद घेऊन बसलो की तेच ते सुचतं: जलचक्राचं चित्र, 'पाणी वाचवा' घोषवाक्यं, प्रभातफेरी, निबंध. हे सगळं मुलांनी चौथीतच केलंय. मला असं काहीतरी हवंय की ज्यात मुलांना खरंच हिशोब करावा लागेल, कुणाला तरी विचारावं लागेल, आणि जे उत्तर निघेल ते मला आधी माहीत नसेल. पाचेक शिक्षकांना सोबत घ्यायचंय, त्यातल्या दोघांना हा सगळा फाफटपसारा वाटतो.

तुम्ही कुणी केलंय का? काय जमलं, काय फसलं?

---

केळीबाग | २० जून, रात्री १०:१५

सर, मी शिक्षक नाही, रावेरकडचा शेतकरी आहे. पण माझ्या मुलीच्या वर्गाने गेल्या वर्षी आमच्या बागेत येऊन एक गोष्ट केली, ती सांगतो.

त्यांच्या मॅडमनी प्रत्येक मुलाला एक लिटरची रिकामी बाटली आणायला सांगितली होती. आमच्या ठिबकच्या ड्रिपरवर ४ लिटर प्रति तास लिहिलेलं आहे. म्हणजे पंधरा मिनिटांत बाटली भरायला हवी. मुलांनी ड्रिपरखाली माती उकरून बाटल्या ठेवल्या, घड्याळ लावलं. नळीच्या सुरुवातीला बाटल्या जवळजवळ भरल्या. शेवटाकडे काही पाऊण, काही अर्ध्या, आणि एका बाटलीत तर तळाला बोटभर पाणी. मी पंधरा वर्षं ठिबक वापरतोय, पण अशा ओळीने ठेवलेल्या बाटल्या बघून माझ्या पोटात गोळा आला. त्या झाडाला मी रोज खत सोडत होतो आणि ते त्याच्यापर्यंत पोचतच नव्हतं.

मग हिशोब. पाच बाय पाचवर लागवड, एकरी साधारण १७४२ झाडं. वर्गात मुलांनी ४३,५६० चौरस फुटांना २५ ने भागून तो आकडा काढला आणि मला फोन करून विचारलं, काका बरोबर ना?

त्या बंद ड्रिपरच्या तोंडाशी पांढरी खपली होती. मॅडमनी ती पुडीत बांधून नेली. पुढचं मुलीने घरी येऊन सांगितलं: खपलीवर लिंबू पिळलं तर फसफसून बुडबुडे आले. आमच्या बोअरच्या जड पाण्यातले क्षार ते. आम्ही ठिबकमधून ॲसिड का सोडतो हे माझ्या मुलीला त्या दिवशी कळलं.

---

पाटकऱ्याचा_नातू | २० जून, रात्री ११:०२

केळीबाग भाऊ, एक नंबर.

बोरीकाठ सर, साक्रीकडचं उदाहरण देतो. सकाळी सविस्तर लिहितो, आता बॅटरी संपत आलीय.

---

भूमिती | २१ जून, सकाळी ७:२०

मी धुळ्यात गणित शिकवते, २२ वर्षं झाली. थोडं विरोधात लिहिते, राग मानू नये.

असल्या एकत्रित प्रकल्पांत गणिताचं काय होतं ते मी तीनदा पाहिलं आहे. सरासरी काढा, स्तंभालेख काढा, संपलं. सहा आठवडे मुलं पाचवीचंच गणित करत राहतात आणि ऑगस्टमध्ये मला बैजिक राशी धावत धावत उरकाव्या लागतात. अपूर्णांकांचा भागाकार सरावानेच बसतो, त्याला नदीकाठी जाऊन काही होत नाही. भाषेचंही तेच. 'पाणी' या विषयावर पाच निबंध लिहिले म्हणून व्याकरण येत नाही.

विषय गुंफायचे असतील तर प्रत्येक विषयाच्या शिक्षकाने आधी सांगावं की या सहा आठवड्यांत माझ्या विषयातलं नेमकं कोणतं नवं कौशल्य मूल शिकणार. ते सांगता येत नसेल तर त्या विषयाला बळेच ओढू नये. दोनच विषय नीट जोडले तरी पुष्कळ झालं.

---

रातराणी | २१ जून, सकाळी ८:०५

भूमिती ताईंना १००% अनुमोदन. माझी मुलगी जळगावात सहावीला आहे. शाळेचं नाव घेत नाही. 'जल है तो कल है' प्रकल्प आला शुक्रवारी, सोमवारी द्यायचा. थर्माकोलचं धरण, निळा जिलेटीन पेपर, कापसाचे ढग. सगळ्या पालकांनी एकाच दुकानातून साहित्य आणलं, ६०० रुपये गेले. रात्री बारापर्यंत मी आणि तिचे पप्पा चिकटवत होतो, मुलगी झोपून गेली होती. तिला अ-१ श्रेणी मिळाली. मेहरूण तलाव आमच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर आहे, तिथे तिला कुणी नेलं नाही. हे आठवलं की मला अजून वाईट वाटतं.

---

पाटकऱ्याचा_नातू | २१ जून, सकाळी ९:३०

हां, आता बसून लिहितो.

आमच्या पांझरा खोऱ्यात फड पद्धत होती, काही ठिकाणी अजून तग धरून आहे. तीनेकशे वर्षांची तरी जुनी. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटातून चाऱ्या, म्हणजे छोटे पाट. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे तीन-चार फड पाडलेले. एका फडात एका हंगामाला एकच पीक. आणि खरी गंमत ही की प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात. माझे आजोबा पाटकरी होते. पाणी कुणाच्या वावरात कधी सोडायचं ते त्यांच्या हातात, शेतकऱ्याने स्वतः दार उघडायचं नाही. जागल्या रात्री राखण करायचा, हवालदार देखरेख ठेवायचा. खळ्यावर धान्य झालं की त्यातून यांचा वाटा निघायचा. पावसाळ्याआधी पाट साफ करायला घरटी माणूस यायचाच.

आता शाळेत काय केलं ते. माझा मित्र तिकडेच शिक्षक आहे. त्याने ४० मुलांना मैदानात बसवलं आणि दोरीने चार फड आखले. पहिला डाव: प्रत्येक मुलाला एकाच फडात सलग जमीन. मग जाहीर केलं, यंदा पाणी निम्मंच आहे, दोनच फड भिजतील, कोणते ते तुम्ही ठरवा. अर्धा तास नुसता गोंधळ. एक मुलगा रडला. शेवटी धटिंगण पोरांचे दोन फड भिजले.

दुसरा डाव: जमीन तेवढीच, पण प्रत्येकाला चारही फडांत एकेक पट्टी. पुन्हा पाणी निम्मं. दहा मिनिटांत निर्णय झाला, कारण कोणतेही दोन फड भिजवले तरी प्रत्येकाचं नुकसान सारखंच होतं. मग मित्राने एवढंच विचारलं, मघाशी का भांडलात?

यात अपूर्णांक आहेत, नागरिकशास्त्र आहे, इतिहास आहे, आणि एक पैशाचं साहित्य लागत नाही. विश्वेश्वरय्या १८८४ साली सरकारी नोकरीत लागले तेव्हा सुरुवातीच्या काळात खान्देशात होते, आणि साक्री तालुक्यातल्या दातर्तीला त्यांनी पाण्यासाठी नळाचा वक्रनलिका मार्ग (सायफन) बांधला. म्हैसूरच्या कृष्णराजसागर धरणाशी ज्यांचं नाव जोडलं जातं त्या माणसाची उमेदवारी आपल्या पांझरेवर झाली, हे मुलांना कुणी सांगतच नाही.

---

तापीमाय | २१ जून, सकाळी ९:५२

अंगावर काटा आला दादा. आमचं आजोळ साक्रीकडे, आजोबांच्या तोंडून 'फड' ऐकलेलं, पण त्यावरून कळलं नव्हतं की जमीन तुकड्यांत का होती. आम्ही समजायचो वाटण्यांमुळे!

---

भूमिती | २१ जून, दुपारी १:१०

पाटकऱ्याचा_नातू, हा खेळ मला मनापासून आवडला. यात मुलं खरंच काहीतरी नवं शिकतात. 'समान वाटप' आणि 'समान तोटा' यातला फरक कागदावरच्या उदाहरणातून कळत नाही.

मीही हात राखून लिहिलं मघाशी. एक देते. भास्कराचार्यांच्या लीलावतीत पाण्याची दोन फार सुंदर उदाहरणं आहेत. पहिलं हौदाचं: चार झरे आहेत, एकेकटे सोडले तर हौद अनुक्रमे १ दिवस, १/२ दिवस, १/३ दिवस आणि १/६ दिवसात भरतो. चारही एकदम सोडले तर? मुलं अपूर्णांकांची बेरीज करत सुटतात. पण एका दिवसात ते झरे १, २, ३ आणि ६ हौद भरतात असं म्हटलं की मिळून १२, म्हणजे दिवसाच्या बाराव्या भागात हौद भरला. चोवीस तासांचा दिवस धरला तर दोन तास. अपूर्णांकांचा भागाकार उलटून का करायचा ते इथे डोळ्यांना दिसतं.

दुसरं कमळाचं. कळी पाण्यावर एक वीत वर आहे, वाऱ्याने कलली आणि दोन हातांवर पाण्यात बुडाली, तर पाणी किती खोल? एक हात म्हणजे दोन वीत. उत्तर पावणेचार हात. सातवीत पायथागोरस येतो, त्यालाच हे आहे. कमळ नसेल तर टाकीत बांबू उभा करून मुलं करून बघू शकतात.

चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला तेराव्या शतकातला शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला आणि त्याला दान मिळालं, असं त्यात कोरलंय. सहल न्यायचीच असेल तर वॉटर पार्कऐवजी तिथे न्या.

---

बोरीकाठ | २१ जून, रात्री ८:३०

काय लिहू. एका दिवसात एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. भूमिती ताई, तुमचा मुद्दा मी आमच्या बैठकीत जसाच्या तसा वाचून दाखवला: नवं कौशल्य सांगता आलं तरच विषय आत. आमच्या गणिताच्या सरांचा विरोध त्याने बराच निवळला.

हिंदीच्या मॅडमना काही सुचलं नाही, त्यांना बाहेर ठेवलं. आता तेच योग्य वाटतंय.

---

सातपुड्याची_लेक | २२ जून, सकाळी ६:४५

मी धडगाव तालुक्यात शिकवते. आमच्याकडे केळी नाही, ठिबक नाही, पाट नाही. हातपंप आणि झिरे आहेत.

आम्ही दांडे मोजले. १५ लिटरचा हंडा भरायला हातपंपाचे किती दांडे मारावे लागतात, एवढंच. सप्टेंबरात ४५-५० मध्ये हंडा भरायचा. मार्चमध्ये ५२. मेच्या सुट्टीत मुलांनी घरून मोजलं तेव्हा ८० च्या वर गेले, आणि मध्ये थांबावं लागायचं, पंप नुसता खडखडायचा. मुलांनी भिंतीवर कोळशाने रेघा मारल्या होत्या, पाचपाचच्या गठ्ठ्यात. तोच आमचा आलेख.

त्याच तक्त्यात मी एक रकाना वाढवला: हंडा कोणी आणला? एक आठवडा. मी मुद्दाम काही बोलले नाही. शनिवारी मुलांनी बेरीज केली. आई, बहीण, मी (मुलगी), आजी, बहीण, आई. मुलग्यांची नावं ओळीने फार थोडी. वर्ग गप्प झाला. एका मुलीने विचारलं, पाणी एक लिटर म्हणजे एक किलो ना मॅडम? मग ती पाटीवर काहीतरी करत बसली. चार खेपा, पंधरा किलो, सात दिवस. ४२० किलो. तिने तो आकडा मला दाखवला आणि पाटी उलटी ठेवून दिली.

सोमवारी दोन मुलगे हातपंपावर रांगेत उभे होते. पुढे किती दिवस टिकलं ते विचारू नका, पण उभे होते.

---

आखाजी | २२ जून, सकाळी ७:३०

ताई, नमस्कार तुम्हाला.

---

केळीबाग | २२ जून, सकाळी ८:१०

ती पाटी उलटी ठेवल्याचं वाचून थांबलो. माझ्या बहिणी नळ यायच्या आधी नदीवरून आणायच्या.

---

जामदा_कालवा | २२ जून, दुपारी १२:४०

गिरणेच्या पट्ट्यातला आहे, जामदा बंधाऱ्याच्या लाभक्षेत्रातला. मुलांना 'क्युसेक' शिकवा सर. पेपरात रोज 'इतक्या क्युसेकने विसर्ग' वाचतात, अर्थ कुणालाच माहीत नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर, म्हणजे दोन हंडे एका सेकंदात.

आमच्या पुतण्याच्या शाळेने चारीवर मोजलं. सरळ, गुडघ्याखाली पाणी असलेली चारी घ्यायची. दहा मीटरवर दोन काठ्या रोवायच्या. केळीच्या खोडाचा छोटा तुकडा सोडायचा, वेळ घ्यायची. त्यांचे २५ सेकंद आले, वेग ०.४ मीटर. चारी ६० सेंमी रुंद, पाणी २० सेंमी. गुणाकार केला, वर ०.८५ ने गुणलं, कारण वरचं पाणी तळाच्या पाण्यापेक्षा जोरात धावतं. उत्तर सेकंदाला ४१ लिटर, म्हणजे १.४४ क्युसेक. तिथे कालव्यावरचे जुने कर्मचारी उभे होते. मुलांनी त्यांना न सांगता विचारलं, बाबा किती पाणी आहे? ते चारीकडे बघून म्हणाले, दीड आहे.

पोरांनी जो जल्लोष केला!

त्याच वर्गाने पुढे टीएमसीकडे उडी मारली. गिरणा धरणाचा उपयुक्त साठा साडेअठरा टीएमसी, एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. तो आकडा शून्यांसकट फळ्यावर लिहिला, मग घातांकात. आता घातांक कशाला असतात हे कुणी विचारत नाही.

---

निवृत्त_मास्तर | २२ जून, दुपारी ४:००

सर्व वाचले. उत्साह पाहून आनंद झाला. ३४ वर्षे सेवा केलेला माणूस म्हणून एक कळकळीची सूचना. मुलांना नदीपात्रात उतरवू नका. तापी काय, गिरणा काय, वाळू उपशाने पात्रात डोहासारखे खड्डे झाले आहेत, वरून पाणी गुडघाभर दिसते आणि पुढच्या पावलाला पुरुषभर. माझ्या ओळखीच्या एका घरात यात मूल गेले आहे. मोजमाप चारीवर, पुलावरून, कठडा असलेल्या विहिरीवर करावे. दोन मोठी माणसे बरोबर, एक दोर बरोबर, आणि पालकांची लेखी संमती. वरच्या धरणातून पाणी सुटणार आहे का ते त्या दिवशी सकाळी विचारून मगच निघावे.

---

बोरीकाठ | २२ जून, रात्री ९:००

मास्तर, नमस्कार. हे पहिल्या पानावर लिहून घेतलं. आम्ही नदीवर जाणारच नाही, विहिरींवर जाऊ. गावात कठडा असलेल्या नऊ विहिरी सापडल्या.

---

आखाजी | २३ जून, सकाळी ७:००

थोडं विषयांतर, पण भाषेच्या शिक्षकांसाठी कामाचं.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागर भरतात ना, पूर्वजांच्या नावाने. माझी आजी घागरीखाली मातीची चार ढेकळं ठेवायची, ज्येष्ठ, आषाढ, श्रावण, भाद्रपद. घागर पाझरून जे ढेकूळ जास्त भिजेल त्या महिन्यात पाऊस चांगला. लहानपणी आम्ही वाकून वाकून बघायचो. मुलांनी हे घराघरातून विचारून लिहून आणावं, आखाजीला कोणतं ढेकूळ भिजलं होतं, आणि पावसाळाभर स्वतःच्या पर्जन्यमापकाशी ताडून बघावं. कुणाच्या श्रद्धेला खोटं पाडायला नाही. आजी जे बघत होती तेच आपण बघतोय, फक्त बाटलीला पट्टी चिकटवून.

दुसरं म्हणजे शब्द. बारव, आड, झिरा, डोह, पाणवठा, थारोळं, रांजण. मोटेचेच किती: नाडा, सोंदूर, धाव. बैल धावेवरून उताराला का चालवायचे, हा विज्ञानाचा तास झाला. म्हाताऱ्यांना अहिराणीतच बोलू द्या आणि मुलांना अहिराणीतच लिहू द्या. 'नदीले पूर ऊना' हे वाक्य मूल वहीत लिहितं तेव्हा त्याला कळतं की आपल्या घरची बोली लिहिता येते. १९७२ च्या दुष्काळाचं विचारा. सुकडी आणि मिलो (लाल ज्वारी) खाऊन पाझर तलाव खणणारी माणसं अजून आहेत, दहा वर्षांनी नसतील.

---

तापीमाय | २३ जून, सकाळी ७:४०

पाणी 'जड' आहे हे आमची आई डाळीवरून सांगायची. कुकर नव्हता तेव्हा बोअरच्या पाण्यात तूरडाळ शिजायचीच नाही, मग विहिरीचं पाणी आणायचं वरणापुरतं. हा प्रयोग शाळेत करता येईल: तीन ठिकाणचं पाणी, तीन पातेली, सारखी डाळ. किंवा सोपं, तीन बाटल्यांत साबणाचा सारखा तुकडा घालून हलवा, फेस किती बोटं येतो बघा.

---

भूमिती | २३ जून, सकाळी ८:२५

डाळीचा प्रयोग करताना ज्योत सारखी ठेवणं अवघड. साबणाचा करा, आणि तीनदा करा. एकदा मोजून निष्कर्ष काढायची सवय लावू नका, ती पुढे जात नाही.

आखाजी ताई, पर्जन्यमापकाची बाटली सरळ कडांची हवी, वर नरसाळ्यासारखं तोंड उलटं बसवायचं, आणि नोंद रोज सकाळी साडेआठला. हवामान खात्याची वेळ तीच आहे, म्हणजे ताडून बघता येतं. शाळेचं छत २१० चौरस मीटर असेल तर २० मिमी पावसात त्यावर ४,२०० लिटर पडतं, कारण एक मिमी पाऊस एका चौरस मीटरवर म्हणजे बरोबर एक लिटर. हे मुलांना सांगू नका, त्यांना शोधू द्या. माझ्या वर्गात एका मुलाला ते सापडलं तेव्हा तो उठून उभा राहिला होता.

---

केळीबाग | २३ जून, सकाळी ९:००

पर्जन्यमापकाचं आमच्यासाठी फार महत्त्व. फळपीक विमा हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरतो. केंद्र दहा किलोमीटरवर, तिथे कोरडं आणि माझ्या बागेत पाऊस, असं अनेकदा झालंय. मुलांनी गावच्या चार कोपऱ्यांत चार बाटल्या लावल्या तर पाऊस किती ठिपक्याठिपक्यांनी पडतो ते त्यांना लहानपणीच कळेल.

---

रातराणी | २३ जून, रात्री १०:३०

मी हा धागा शाळेच्या पालक-गटावर टाकला. तीन आयांनी विचारलं, रविवारी मेहरूणला आपणच मुलांना नेऊया का. नेतोय. चार बाटल्या घेऊन, चार ठिकाणचं पाणी.

---

*(बरेच दिवस धागा थांबला होता.)*

---

बोरीकाठ | १९ सप्टेंबर, रात्री ९:१५

मंडळी, उशिरा येतोय. सहा आठवड्यांचं काम होतं, बारा आठवडे चाललंय. आधी जे फसलं ते सांगतो.

ठरलं होतं पाच विषय, टिकले तीन. भूगोलाच्या सरांची बदली झाली. फडाचा खेळ केला, छान झाला, पण आमच्याकडे फड नाहीत, त्यामुळे मुलांना ती साक्रीची गोष्ट वाटली. साबणाचा प्रयोग तीनदा केला, तिन्ही वेळा वेगळा फेस आला. शेवटी कळलं की मुलं वेगवेगळ्या जोराने हलवत होती. मग एकाच मुलीने दर बाटली वीस वेळा हलवायची असं ठरलं.

जमलं ते विहिरींचं. नऊ विहिरी, दर शुक्रवारी सकाळी सात वाजता. सुतळीला दर फुटावर गाठ, टोकाला दगड. कठड्यावरून सोडायची, दगड पाण्याला लागला की 'डुब' आवाज, तिथे चिमटा धरायचा आणि गाठी मोजत वर ओढायची. दोन मुलं दोरीवर, एक वहीवर, मी किंवा गणिताचे सर शेजारी. गावातली म्हातारी माणसं खोली अजून 'परस' या मापात सांगतात, मुलं फुटात मोजतात. मग 'एक परस म्हणजे किती' हे काढायला मुलांनी गावातल्या बारा माणसांचे पसरलेले हात मोजले. सव्वापाचपासून सहा फुटांपर्यंत आले. मोजमापाला ठरलेलं एकक का लागतं, यावर मी यापेक्षा चांगला तास घेऊ शकलो नसतो.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात गोंधळ झाला. पाऊस बरा झाला होता, तरी पाच विहिरींत पाणी एक-दोन फूट खाली गेलं. मुलं म्हणाली चुकलं मोजायला. परत गेलो, तेच. मला उत्तर माहीत नव्हतं, आणि मी तसं वर्गात सांगितलं. दोन दिवसांनी एका मुलाने उलगडा केला. शेतीपंपाची वीज आठवड्याने दिवसपाळी-रात्रपाळी होते. त्या आठवड्यात वीज रात्रीची होती, त्याच्या वडिलांची मोटर पहाटे पाचपर्यंत चालली होती. आम्ही सातला मोजलं तेव्हा विहीर भरायला दोनच तास मिळाले होते. तेव्हापासून वहीत एक रकाना वाढला: 'रात्री मोटर चालली का?' तो रकाना मी सांगितला नाही, मुलांनी आखला.

---

सातपुड्याची_लेक | १९ सप्टेंबर, रात्री ९:४०

सर, हे वाचून मन भरून आलं. 'मला माहीत नाही' असं वर्गात म्हणता येणं सोपं नसतं.

---

भूमिती | १९ सप्टेंबर, रात्री १०:०५

तो वाढवलेला रकाना म्हणजे खरं गणित आहे. मी जूनमध्ये जे लिहिलं त्यातलं अर्धं मागे घेते. अर्धं नाही! ऑगस्टमध्ये बैजिक राशी झाल्या का?

---

बोरीकाठ | १९ सप्टेंबर, रात्री १०:२०

झाल्या ताई, पण सरांना शनिवारचे चार जादा तास घ्यावे लागले. तुमचं ते म्हणणं खरं ठरलं. सराव प्रकल्पातून होत नाही, वेगळा करावाच लागतो. पुढच्या वर्षी तो वेळ आधीच धरणार.

विहीर क्र. ४ चं सांगायचं राहिलं. इतर आठ विहिरींत जूनपासून १२ ते १८ फूट पाणी चढलं. चौथीत फक्त साडेतीन. सगळ्यांत जुनी, दगडी बांधणीची विहीर, आणि मालकांना वाटायचं की आपली विहीर कधी दगा देणार नाही. मुलांनी नकाशा काढला तेव्हा दिसलं की तिच्या वरच्या अंगाला दोन वर्षांत तीन बोअर झालेत. कारण तेच, असं मी मुलांना म्हणू दिलं नाही. शक्यता म्हणून लिहा म्हटलं. पण आकडे समोर होते.

---

निवृत्त_मास्तर | २० सप्टेंबर, सकाळी ६:१५

शक्यता म्हणून लिहायला लावले, हे फार योग्य केलेत.

---

जामदा_कालवा | २० सप्टेंबर, सकाळी ८:००

सर, कुणाची विहीर कमी भरली हे गावात उघड झालं तर वाद नाही झाले का? आमच्याकडे झाले असते.

---

बोरीकाठ | २० सप्टेंबर, सकाळी ८:४५

भीती होती. म्हणून तक्त्यात नावं नाहीत, क्रमांकच आहेत, आणि प्रत्येक मालकाला त्यांच्या विहिरीचे आकडे आधी मुलांनी स्वतः घरी जाऊन दाखवले. चौथीच्या आप्पांकडे दोन मुली गेल्या होत्या. त्यांनी चहा दिला, वही उलटसुलट बघितली, मग विचारलं, "पोरी हो, पुढल्या शुक्रवारी पुन्हा येशाल का?"

---

भूमिती | २० सप्टेंबर, सकाळी ९:१०

मला ती वही बघायची आहे सर. खाडाखोडीसकट. पानांचे फोटो टाका ना, माझ्या आठवीला त्यावरून आलेख काढायला देते. पारोळ्याचे आकडे धुळ्यात, मुलांना आवडेल.

---

बोरीकाठ | २० सप्टेंबर, सकाळी ९:३०

नक्की टाकतो ताई, पण सोमवारी. वही आत्ता आप्पांकडेच आहे. रब्बीला गहू घ्यायचा की हरभरा, ते ठरवताहेत. गव्हाला पाच-सहा पाणी लागतात, हरभरा एक-दोनवर निघतो. काल रात्री मुलाला शेजारी बसवून जूनपासूनचं एकेक पान वाचून घेत होते.